दौलतभाऊंनी निवडलेली मशीन

फोन वाजला तेव्हा माझी लेथ, म्हणजे लोखंड-पितळ कातायची मशीन, चालू होती. मशीन फिरत असताना फोनकडे बघायचंसुद्धा नाही, असं दौलतभाऊंनी बजावलेलं. मोटर बंद केली, फिरणारा भाग पुरता थांबू दिला, मग खिशातून फोन काढला. त्यांच्या पत्नी कमलवहिनींचे तीन कॉल येऊन गेले होते. सकाळी चहा घेता घेता दौलतभाऊ खाली कोसळले आणि गेले... त्यांच्याच शिस्तीमुळे त्यांची बातमी मला उशिरा कळली.

मी चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर वाफेचं छोटं इंजिन स्वतःच्या हातांनी घडवायचं, म्हणून घरामागच्या खोलीत एखादी जुनी लेथ आणायची होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. ओळखीच्या दौलतभाऊंनी बत्तीस वर्षं खामगावच्या वर्कशॉपात लेथवर टर्नर म्हणून काढलेली. म्हणाले, "एकटे जाऊ नका सर, मी येतो."

जालन्याच्या एका गोदामात मला हिरवीगार रंगवलेली लेथ एकदम आवडली. दौलतभाऊ तिच्या लोखंडी पाटावरून अंगठ्याचं नख फिरवत राहिले. "नवा रंग दिला म्हंजे कायतरी झाकून राह्यले," हळूच म्हणाले. विकणाऱ्यानं मोटर सुरू केली. चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून गरगर फिरणारा जबडा, अजून स्थिर होता. मी त्याचे दात बघायला वाकलो... आणि कोणीही हात न लावता चक सुरू करणारा वरचा दांडा खाली घसरला. चक फिरला. माझी बाही त्यात ओढली जातेय हे मला समजायच्या आत दौलतभाऊंनी कॉलर धरून मला मागे खेचलं. बाहीची पट्टी फाटून गेली, हात वाचला.

"जुनी मशीन आहे, होते सवय," विकणारा म्हणाला.

"सवय होत नसते. हात जाते," एवढंच बोलून दौलतभाऊ बाहेर पडले.

समोरच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मी अजून घाबरलेलोच होतो. मग त्यांनी सांगितलं. उमेदीच्या काळात शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याचा हात त्यांच्या डोळ्यांदेखत असाच ओढला गेला होता. दांडा ओढायला हे धावले, पण दोन पावलं कमी पडली. "तवापासून रोज भेऊनच काम केलं, सर. सुट्टीच्या दिवशीबी सपनात चक फिरे."

"राहू द्या मग. लेथच नको," मी म्हणालो.

"काऊन? आता तर तुम्ही मशीन घ्याच्या लायकीचे झाले. ज्याचं भेव गेलं, त्याच्या घरी मी मशीन येऊ देत नाई."

महिन्याभरानं अकोल्याला एक कळकट, तेलकट लेथ मिळाली. तिचा दांडा त्यांनी वीस-पंचवीस वेळा ओढला, सोडला, वरून बुक्क्या मारल्या. आपणहून तो एकदाही घसरला नाही. तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

ते गेल्यावर पंधरा दिवस मी खोलीचं दार उघडलं नाही. मागे खेचणारं आता कोणी नाही, ही भीती जाईना. मग एक दिवस कमलवहिनी आल्या. "भाऊजी, एकदा चालू करून दाखवता का? ज्या मशीनीपाशी ते जिंदगीभर उभे राह्यले, तशी मी कधी पाह्यलीच नाई."

मी बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. बटण दाबलं. वहिनी दारातच उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. पितळेचा एक तुकडा कातून होईपर्यंत त्यांनी पापणी हलवली नसावी. "रोज घरी आले का मी पह्यले त्यांची बोटं पाहो," त्या म्हणाल्या. "मंगच पाणी देवो."

मी मशीन बंद केली, चक थांबेपर्यंत थांबलो आणि बाहेर आलो.  वहिनींनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले, आणि मग पाणी आणायला आत गेल्या.