बोंबलांची दोरी

जेसल पार्कातल्या एका हॉलमध्ये दर रविवारी ठसे कोरायला आणि छापायला शिकवतात, हे मला सोसायटीच्या फळ्यावरून कळलं. कागदावर लिहिलं होतं, 'निर्मितीतून अर्थाचा सामूहिक शोध'. मी आयुष्यभर सरकारी टिपणं लिहिली. अर्थ जेवढा कमी तेवढे शब्द मोठे, एवढं मला कळतं. तरी गेलो. बायको गेल्यापासून रविवार फार लांबतो.

आम्ही नऊ जण होतो. प्रत्येकाने लिनोलियमच्या वीतभर तुकड्यावर आपलं घर कोरायचं, मग नऊही तुकडे शेजारी शेजारी मांडून एकाच मोठ्या कागदावर छापायचे. कोरलेलं पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उमटतं. शिकवणाऱ्या मॅडमचा नियम एकच: कडा घरी कोरायच्या नाहीत. त्या इथे, शेजारच्यासोबत बसून कोरायच्या, म्हणजे एकाचा रस्ता दुसऱ्याच्या तुकड्यात जाईल.

मी इंद्रलोक वसाहतीतल्या माझ्या घराची खिडकी कोरली. बाहेर कपड्यांची दोरी, रिकामी. एकट्या माणसाचे कपडे बाथरूमच्या नळावरही वाळतात. काम नीट जमलं, म्हणून भोवती बोटभर काळी चौकट ठेवली, फुटपट्टी लावून. नियम विसरलो नव्हतो. शेजारी कोणी बसायचं असतं, ही सवय गेली होती.

पहिली छाप निघाली. आठ तुकड्यांतले रस्ते, विजेच्या तारा, खाडी एकमेकांत शिरले होते. माझा तुकडा मात्र पेपरातल्या निधनवार्तेसारखा दिसत होता.

माझ्या शेजारचा तुकडा तारोडी गावच्या एका मासळी विकणाऱ्या बाईंचा. त्यांची बोंबील वाळत घातलेली दोरी माझ्या चौकटीला आपटून थांबली होती.

"काका, कोन वारलाय?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. मीही हसलो, एक क्षण उशिरा.

"कोणी नाही. डिझाइन आहे ते."

"मंग माझं बोंबील जायाचं कुठं?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तुम्हाला हवं तर तुमचं वेगळं छापू. फ्रेमही छान होईल."

हल्ली बरेच जण माझ्याशी असंच बोलतात. आदराने बाजूला ठेवतात.

"नको," मी म्हणालो आणि कोरणी उचलली.

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. मी माझ्या दोरीची रेघ चौकटीतून बाहेर काढली, त्यांनी त्यांची कडेशी जराशी वळवून तिच्याकडे आणली. तुकडे जोडले तर रेघा तांदळाच्या दाण्याएवढ्या चुकलेल्या.

"बिघडलं," मी म्हणालो.

"गाठ हाय ती. गाठ न्हाय अशी दोरी बघितलीय कवा?"

तसंच छापलं. शेवटच्या रविवारी हॉलमध्येच त्याचं प्रदर्शन भरलं. प्रमुख पाहुणे सहकार्यावर अर्धा तास बोलले, चित्राकडे पाठ करून. बाईंची सहा माणसं आली होती. माझं कोणी नव्हतं, म्हणून मी चित्राजवळच उभा होतो.

"ही दोरी या काकांच्या खिडकीत जाते," बाईंनी बहिणीला दाखवलं.

बहिणीने मला काळजीने विचारलं, "तुमच्या सोसायटीत चालतं? बोंबलाच्या वासाचं काय?"

"सेक्रेटरीला अजून कळलेलं नाही," मी म्हणालो.

घरी आलो. नळावरचा शर्ट काढून खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकला. तो केव्हाच वाळला होता.