गाळणीत अडकलेलं वाक्य

स्टुडिओत त्याला सगळे गाळणी म्हणायचे. अगदी तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी नवखा माणूस अदबीनं ‘सर’ म्हणाला, की तो मागे वळून पाहायचा, हे कोणाला म्हणतायत म्हणून. त्याचं कामच होतं माणसांचं बोलणं गाळायचं. कॅमेऱ्यासमोर कोणी बोललं, की त्यातले खोकले, ‘म्हणजे कसंय ना’, खुर्चीची करकर, मागून गेलेली मोटार आणि उगाच लांबलेले थांबे काढून टाकायचे. उरलेलं असं जोडायचं, की बोलणाऱ्यालाच वाटावं, अरे वा, एवढं छान बोललो मी? खिडकी नसलेल्या, भिंतींना जाड फोम लावलेल्या खोलीत बसून तो बावीस वर्षं हे करत होता.

स्टुडिओत बनायचे माहितीपट, आणि तेही एकाच वाणाचे: माणसाला जागं करणारे. दोन्ही हात गेलेला माणूस पायानं चित्रं काढतो. सहा महिने मौन पाळलेल्या बाईला स्वतःचा शोध लागतो. कोणी मेंदूतज्ज्ञ सांगतो की आपण आपल्या शक्तीचा चिमूटभरच भाग वापरतो, आणि लगेच दुसरा तज्ज्ञ येऊन सांगतो की तसं काही नसतं, पण तरी उठा. गाळणीनं असे साठ-सत्तर माहितीपट गाळले असतील. जाणीव, अंतर्मन, सुप्त सामर्थ्य हे शब्द दिवसभर त्याच्या कानावरून जायचे, आणि संध्याकाळी तो घरी येऊन म्हणायचा, “चहा टाक गं.” काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडायचा त्याच्या बायकोला. ती प्रत्येक माहितीपट वही घेऊन पाहायची, सकाळी गॅलरीत डोळे मिटून बसायची, आणि दूध उतू गेलं की एक डोळा उघडायची.

या कामाचा एक अलिखित नियम होता, आणि तो दिग्दर्शिका बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळी उतरवला होता. ज्ञानी माणसाचे थांबे ठेवायचे, साध्या माणसाचे कापायचे. पांढऱ्या दाढीचे गुरुजी एका वाक्यानंतर अकरा सेकंद गप्प बसले, तर ते अकरा सेकंद जसेच्या तसे. शिवाय त्याखाली बासरी. आणि पायानं चित्रं काढणारा माणूस आईबद्दल बोलताना अडखळला, गप्प झाला, तर बाई म्हणायच्या, “हे जरा आवर. लोक कंटाळतात.” गाळणीनं एकदाच विचारलं होतं, की बाई, या माणसाच्या गप्प बसण्यातही काहीतरी असेल. बाई वाईट नव्हत्या, फक्त घाईत असायच्या. त्या म्हणाल्या, “असेल रे, पण एवढ्यासाठी कोण थांबणार?” त्यानंतर त्यानं कानाला खडा लावला आणि मुकाट्यानं कात्री चालवली.

घरी त्याचे बाबा होते. बाबा किल्लीवाले. इमारतीच्या खाली, जिन्याच्या कोपऱ्यात त्यांची खोपटीएवढी टपरी होती आणि तिथं बसून चाळीस वर्षं त्यांनी लोकांची किल्ली हरवलेली दारं उघडून दिली. बोलायला एक नंबर. किल्ली घासायला पाच मिनिटं लागायची आणि गोष्ट पाऊण तास चालायची. माणसं किल्ली घेऊन निघायची ती गोष्टीचा शेवट ऐकायला परत यायची. आई गेल्यावरही त्यांच्या बोलण्याचं गुऱ्हाळ बंद पडलं नाही. मग गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं असं झालं, की एक शब्द यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा शब्द. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं समजतं त्यांना, फक्त शब्द सापडायला वेळ लागतो. वेळ द्या.

वेळ द्या, हे सांगायला सोपं. घरात नवराबायको दोघं नोकरीवाले. बाबांनी ‘मला’ म्हटलं की सून म्हणायची “पाणी?” आणि मुलगा म्हणायचा “उशी?” आणि दोघांपैकी एकजण बरोबर असला तर ठीक, नसला तरी बाबा मान डोलवायचे. मुलाच्या तर ते हाडीमाशी भिनलेलं होतं. समोरचा थांबला की त्याचं बोट शिवशिवायचं.

त्यात घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा आठ महिने खाली उतरले नव्हते. त्याची थोरली बहीण, ताई, दुसऱ्या गावी राहायची, बसनं पाच तासांवर. तिचं घर तळमजल्यावर, पुढं अंगण, ती नुकतीच निवृत्त झालेली. ती फोनवर म्हणाली, “बाबांना मी नेते. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, ते भिंतींकडे बघत बसतात. मी आहे ना.” प्रेमानंच म्हणाली. त्यालाही ते पटलं, आणि पटल्याबरोबर थोडं हलकंही वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली.

“पण बाबांना विचारायला हवं,” तो म्हणाला. आता विचारायचं कसं? चार माणसं जमली की बाबा गांगरायचे आणि ‘बरं बरं’ म्हणून मोकळे व्हायचे. तेव्हा त्यानं ठरवलं, शनिवारी दुपारी एकट्यानं त्यांना विचारायचं, रेकॉर्ड करायचं आणि रविवारी ताई-भावोजी आले की सगळ्यांसमोर लावायचं. म्हणजे कोणी आपल्याच मनाचं रेटलं असं नको. त्याच्या हातात जे हत्यार होतं, त्यानं तो न्याय करायला निघाला होता.

शनिवारी त्यानं स्टुडिओतला चांगला माइक आणला, बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवला, पंखा बंद केला आणि विचारलं, “बाबा, ताई म्हणतेय तिच्याकडे चला. तुम्हाला काय वाटतं? सावकाश सांगा.” बाबा माइककडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “ताई... चांगली आहे.” मग, “तिच्याकडे... जाईन... मी.” एवढ्यात त्याचा फोन वाजला. दिग्दर्शिका बाई. सोमवारी काहीतरी द्यायचं होतं, ते आजच हवं होतं. तो गॅलरीत गेला आणि दार लोटून सात-आठ मिनिटं बोलला. परत आला तेव्हा बाबा उशीला टेकून डोळे मिटून होते. “झालं बाबा?” त्यानं विचारलं. बाबांनी मान डोलवली. त्यानं माइक बंद केला.

भावोजी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग ते बसून ऐकतील, हे शक्यच नव्हतं. म्हणून त्यानं ते साफ केलं. त्याच्या संगणकात एक सोय होती: ठरावीक पातळीपेक्षा बारीक जे काही असेल, ते यंत्र आपोआप कापून टाकायचं. रिकाम्या जागा, श्वास, कपड्याची सळसळ, सगळं. ती सोय त्यानं रोजच्यासारखी लावली. अकरा मिनिटांची बावीस सेकंदं झाली. ती त्यानं एकदा ऐकली. “ताई चांगली आहे. तिच्याकडे जाईन मी.” स्वच्छ, खणखणीत. झटक्याआधीचे बाबाच बोलल्यासारखे वाटले आणि त्याला जरा भरूनही आलं.

रविवारी त्यानं ते सगळ्यांसमोर लावलं. ताईनं डोळ्याला पदर लावला, म्हणाली, “बाबा, तुमच्या खोलीला पडदेही शिवून ठेवलेत मी.” भावोजी म्हणाले, “बघा, किती स्पष्ट बोलले!” बाबा पलंगावर बसून होते. रेकॉर्डिंग संपल्यावर त्यांनी एकदा यंत्राकडे आणि एकदा मुलाकडे पाहिलं. सुनेनं विचारलं, “बाबा, नक्की ना?” त्यांनी मिठाची गुळणी धरल्यासारखं तोंड मिटून घेतलं आणि मान डोलवली. मंगळवारी शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. टपरीसमोरून खुर्ची गेली तेव्हा बाबांनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं निरोप घेतायत, म्हणून उचलणारे थांबले नाहीत.

महिना गेला. ताईचे फोन यायचे, जेवतात, झोपतात, त्रास काही नाही, बोलत मात्र अजिबात नाहीत. “अंगणात बसवते, बसतात. उठवते, उठतात,” ती म्हणायची. “तुझ्याकडे तरी थोडं बोलायचे ना रे?” तो म्हणायचा, नवी जागा आहे, रुळतील.

इकडे बाईंचा नवा माहितीपट शेवटाला आला होता, माणसाच्या मनाच्या तळाशी काय असतं, असल्या विषयावरचा. शेवटच्या दृश्यात गुरुजी डोळे मिटून बसतात आणि पूर्ण मिनिटभर काहीच घडत नाही. बाई म्हणाल्या, “इथं बासरी नको. खरी शांतता हवी. राहत्या घरातली.” आता हे कोणाला वेडेपणाचं वाटेल, पण आवाजाच्या धंद्यात शांतताही रेकॉर्ड करावी लागते. नुसता आवाज बंद केला तर तो कानाला भोकासारखा लागतो. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते, ती तिथं जाऊन भरून आणावी लागते. गाळणीकडे अशा खोल्या साठवलेल्या होत्या, पण बाईंना एकही पसंत पडेना. तेव्हा त्याला आठवलं, आपल्याच घरातलं आहे की! शनिवारची दुपार, पंखा बंद, चांगला माइक, अकरा मिनिटं.

त्यानं मूळ रेकॉर्डिंग उघडलं. शांतता निवडताना ती खूप मोठी करून ऐकतात, कुठं डास गुणगुणत नाही ना, हे पाहायला. त्यानं कानावर हेडफोन चढवले आणि आवाज पार टोकाला नेला. आपण गॅलरीचं दार लोटलं, ते ऐकू आलं. मग खोली. भिंतीवरचं घड्याळ. बाबांचा श्वास. एक मिनिट, दीड मिनिट. तो मनात म्हणाला, वा, हीच घेऊ.

आणि मग बाबा बोलले. अगदी बारीक, ओठांतल्या ओठांत, कोणी नसलेल्या खोलीत, यंत्राला.

“पण... नको.” मग घड्याळ. “इथं... खालून... माणसांचा आवाज... येतो.” मग इतका वेळ घड्याळ, की त्याला वाटलं संपलं. “मी... त्रास... देणार नाही. इथंच... ठेव... मला.”

तो हेडफोन काढून उठला, पुन्हा बसला, पुन्हा ऐकलं. सगळं त्या पातळीच्या खाली होतं. यंत्रानं सांगितलं तसं केलं होतं, आणि सांगणारा तोच होता. जगातल्या कोणाही ऐऱ्यागैऱ्याचं रेकॉर्डिंग त्यानं कधी पूर्ण ऐकल्याशिवाय कापलं नव्हतं. आपल्या बापाचं कापलं.

त्या दिवशी बाईंना त्यानं काहीच दिलं नाही. “घरी जायचंय,” म्हणाला. आणि बायकोला फोन करून रडत रडत सगळं सांगितलं. ती म्हणाली, “उद्या पहिल्या बसनं जा. ऑफिसचं माझं मी बघते, बाबांचंही बघू. काहीतरी करू आपण.” वहीतलं एक वाक्यही तिनं त्याला ऐकवलं नाही.

ताई त्याला दारात पाहून चकितच झाली. बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. तो त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. “बाबा, त्या शनिवारी मी गॅलरीत गेल्यावर तुम्ही पुढं बोललात. इथंच ठेव, म्हणालात. आम्हाला ऐकवलं त्यात ते नव्हतं.” ताई “काय?” म्हणून जवळ आली. भावोजी काही बोलणार, तोच ताईनं त्यांचा दंड धरला. बाबा बघत राहिले. त्याचं बोट शिवशिवलं, ‘रागावलात ना’ असं म्हणून त्यांचं वाक्य पुरं करावंसं वाटलं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि थांबला. समोरच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. कोणाकडे तरी पाणी भरून वाहिलं आणि बंद झालं. तो थांबला.

“ऐकलं... होतं,” बाबा म्हणाले. “सगळ्यांत... बसून. कळलं... कापलंय.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?” ताईला राहवलं नाही.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “तू... पडदे... शिवले होतेस... खोलीला.” ताईनं तोंडावर हात घेतला. मग ते मुलाकडे वळले, आणि या वेळी शब्द सापडायला फार वेळ लागला, की सापडलेला बाहेर काढायला, कोण जाणे. “वाटलं... मुद्दाम... कापलंस. नको... झालो... तुला.”

“नाही हो बाबा!” तो लहान मुलासारखा ओरडला. “मुद्दाम नाही हो. मी ऐकलंच नाही. शेवटपर्यंत ऐकलंच नाही मी.” आणि म्हणतानाच त्याला कळलं, की ही काही सबब नव्हे. बापाचं बोलणं ऐकून कापणारा मुलगा आणि न ऐकताच कापणारा मुलगा, यांत चांगला कुठला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बाबा त्याच्याकडे बघत होते. हळूहळू तोंडाची चालणारी डावी बाजू वर गेली. महिन्याभरात ते पहिल्यांदा हसत होते.

“ऐकलंच... नाहीस?” ते म्हणाले. “एवढंच... होय?” आणि चांगला हात त्यांनी त्याच्या डोक्यावर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि जीव भांड्यात पडल्यासारखा एक लांब श्वास त्यांनी सोडला. “मग... चल... घरी.”