प्रमाणपत्रांवरचं प्लास्टिक

रेवती मिडफिल्डला खेळायची. गोल करणाऱ्या मुलींची नावं पेपरात येत; त्यांना चेंडू पोचवणारीचं येत नसे. दिल्लीकडून पाच राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचा तिच्याकडे एकच पुरावा होता, पाच प्रमाणपत्रं.

ती जपायची जबाबदारी वडिलांनी, सूर्यकांतांनी घेतली. ते केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. अठ्ठ्याण्णव साली कुटुंब द्वारकेच्या नव्या सोसायटीत राहायला आलं. तिथे पाणी टँकरने येई, पण मार्केटात लॅमिनेशनचं मशीन आलं होतं. सूर्यकांतांनी पाचही प्रमाणपत्रं प्लास्टिकमध्ये बंद करून आणली.

"आता शंभर वर्षं काही होत नाही यांना," ते म्हणाले.

पुढच्याच वर्षी एका सरकारी खात्याने महिला फुटबॉल संघासाठी भरती काढली. नोकरी लागली तर रेवतीला खेळत राहता येणार होतं. नाहीतर आईने नागपूरचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलाला क्रिकेट आवडत होतं.

खिडकीवरच्या बाबूने प्रमाणपत्र उलटंसुलटं केलं. तपासणीचा शिक्का मूळ कागदाच्या पाठीवर मारायची पद्धत होती.

"मॅडम, मोहर कहाँ लगाऊँ? प्लास्टिक पे?"

संध्याकाळी सूर्यकांतांनी इस्त्री तापवली. पहिल्या प्रमाणपत्राचं प्लास्टिक निघालं. त्याच्याबरोबर अक्षरंही निघाली.

"बाबा, थांबा."

"अजून चार आहेत ना."

"म्हणूनच थांबा."

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून तिच्याबरोबर गेले. तीस वर्षं त्यांनी लोकांना अपुऱ्या कागदांपायी परत पाठवलं होतं. खिडकीच्या या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी रात्री लिहिलेलं टिपण आत सरकवलं. झेरॉक्सच्या पाठीवर शिक्का मारावा, 'मूळ प्रत पाहिली' असं लिहावं, वर अधिकाऱ्याची सही घ्यावी.

बाबूने ते दोनदा वाचलं. "आप किस डिपार्टमेंट से हैं, सर?"

"नीचे लिखा है."

अर्ध्या तासात फाईल हलली. प्रमाणपत्रं तीन लागत होती. चार शाबूत होती.

मैदानावरच्या चाचणीत पद्मजा नावाच्या मुलीने तीन गोल केले. तिन्ही चेंडू रेवतीने दिले होते. प्रशिक्षकांनी वहीत दोघींची नावं लिहिली. रेवतीचं आधी.

ती खात्याकडून अकरा वर्षं खेळली. पेपरात नाव दोनदा आलं, एकदा चुकीचं. निरोपाच्या सामन्यानंतर खात्याने मानपत्र दिलं. सूर्यकांत निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दे, मी ठेवतो."

"नको बाबा," रेवती म्हणाली, "तुम्ही फक्त वाचा."