इस्त्री करून दिलेली पिशवी

ती पिशवी मीच धुतली. हळदीचा एक डाग होता, तो लिंबू चोळून घालवला. वाळल्यावर इस्त्री फिरवली आणि दिराच्या हातात दिली. दुसऱ्या कोणी काढून नेली असती तर मी आज कोणाला तरी शिव्या दिल्या असत्या.

पिशवीवर लाल दोऱ्याने पळी भरलेली होती. मी कुळथाचं पीठ करून विकते. कुळीथ निवडायचे, मंद आचेवर भाजायचे, भरडून टरफलं पाखडायची, मग दळायचे. धाकटी रांगायला लागली तेव्हा सुरुवात केली, आज ती कॉलेजात आहे. पहिली काही वर्षं मांजरपाटाच्या पिशव्या शिवायचे. कापड हे आणायचे, शिवून मी त्यावर पळी भरायचे. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी दोघी-तिघी पिठं विकायच्या, म्हणून काहीतरी खूण हवी होती. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडं, नाव घालायची लाज वाटायची. आईची करवंटीची पळी ओट्याजवळ टांगलेली होती, तीच काढली. त्या पळीची उजवी कड तुटलेली आहे. लहानपणी माझ्याच हातून विहिरीच्या कट्ट्यावर पडली होती. आई ओरडली नाही, तीच पळी वापरत राहिली आणि माझ्या लग्नात भांड्यांबरोबर दिली. म्हणून भरताना मी ती खाचही भरायचे.

पुढे पाकिटं आली. छपाईवाला म्हणाला, "मावशी, ही कड तुटल्यासारखी दिसते. सरळ करून देतो, झकास दिसेल." मी मान हलवून नाही म्हटलं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी कोणाला नाही म्हटलं असेल तर तेवढंच.

दिराची अंधेरीची नोकरी सुटली तेव्हा तो माझी पाकिटं दुकानांत पोचवायला लागला. एक दिवस म्हणाला, "वहिनी, ही पळी रजिस्टर करून घे. उद्या कोणीही उठून छापेल, मग वाट लागेल तुझी."

"मला कुठे जमतंय, भावजी?"

"मी आहे ना."

घाटकोपरला एका एजंटकडे गेलो. एजंट प्रश्न मला विचारायचा, मी दिराकडे बघायचे आणि उत्तर तो द्यायचा. हे चिन्ह कधीपासून वापरता, असं त्याने विचारलं. मी दिराच्या कानात सांगितलं, धाकटी रांगायला लागली तेव्हापासून. दीर हसला, त्याने हिशोब करून वर्ष सांगितलं. जुना पुरावा आहे का, पाकीट, पिशवी काही? दीर म्हणाला, आणून देतो. मग एजंटने पेन वर केलं. "अर्जदार म्हणून कोणाचं नाव टाकू?"

दिराने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. तेव्हा "माझं" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"माझंच टाका," दीर म्हणाला. "धावपळ मलाच करायची आहे. आमची वहिनी ऑफिसात तोंड उघडत नाही. तिचं नाव टाकलंत तर तुम्हीच अडकाल."

एजंट हसला, दीर हसला, मीही हसले आणि मान डोलावली.

आमच्या घरात तशीच रीत होती. लाइटचं मीटर ज्याने खेटे घातले त्या चुलतसासऱ्यांच्या नावावर होतं, गॅस नणंदेच्या नवऱ्याच्या. जो रांगेत उभा राहील त्याचं नाव लागायचं, आणि वस्तू सगळ्यांची. मला वाटलं, हेही तसंच.

अर्ज पुढे सरकला तेव्हा दिराने सांगितलं, "आता सरकारी पुस्तकात पळी छापून आली आहे. चार महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही की झालं." ते चार महिने मी रोज देवापुढे हात जोडून म्हणत होते, कोणी हरकत घेऊ नये. गावच्या देवीला नारळही बोलले. हरकत घेऊ शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते देवापुढे हात जोडून बसलं होतं.

सर्टिफिकेट आलं. दिराने पेढे आणले, सर्टिफिकेटला फ्रेम केली. मी काचेवर कुंकवाचं बोट लावलं. नवीन पाकिटांवर पळीच्या बाजूला गोलात एक इंग्रजी अक्षर आलं. तीन-चार महिन्यांनी दिराने एक भागीदार धरला, बाहेर मशीनवर पीठ काढायला लागला. मला म्हणाला, तू आता पाकिटं भरू नकोस, सुटं पीठ मला दे. मी दिलं नाही. वाद घातला नाही, फक्त दिलं नाही. माझी पाकिटं बिल्डिंगमध्ये आणि नाहूरच्या एका दुकानात जात राहिली.

मग पोस्टाने वकिलाचा लिफाफा आला. इंग्रजीत होता. धाकटीने वाचला आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

"काय लिहिलंय, सांग ना."

"आई, तू पळी वापरायची नाही असं लिहिलंय. ती काकांची आहे. उजव्या कडेला खाच असलेली करवंटीची पळी, असं वर्णनपण केलंय."

माझ्या हातून पडलेली ती खाच आता त्याच्या नावावर होती.

धाकटी मला एका वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाई चांगल्या होत्या, सावकाश बोलल्या. "आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क मोठा असतो. आपण लढू शकतो. पण आधी तुम्ही वापरत होता हे दाखवायला लागेल. जुनं काय आहे तुमच्याकडे?"

मी धुऊन इस्त्री केलेल्या पिशवीचं सांगितलं, जुन्यातली तेवढी एकच उरली होती. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

दिराच्या घरी जाऊन मी पिशवी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागत होते. तो सोफ्यावरून उठलाही नाही. "वहिनी, ती फाइलला लागली आहे. पुरावा असा परत देता येत नाही. आणि एवढ्या जुन्या पिशवीचं काय करणार तू? पायपुसणं?" मला चहा दिला. मी प्यायलेसुद्धा.

दुसरा मार्ग वकीलबाईंनी सांगितला होता. पिशव्यांचं कापड आणणारा माणूस शपथेवर लिहून देईल तर वजन पडेल. त्यांनी कागद तयार करून दिला. मी तो ह्यांच्यापुढे ठेवला.

"भावाच्या विरुद्ध सही करू?" हे म्हणाले. "गणपतीला गावी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"खरं तेच लिहिलंय."

"अगं, पीठ तुझंच आहे ना? ते कोणी घेतलंय का? चित्राचं काय घेऊन बसलीस?"

"मग तुमच्या भावाला ते चित्रच कशाला हवं होतं?" मी म्हटलं. पण ओट्याकडे तोंड करून, इतकं हळू, की हे म्हणाले, "काय?"

"काही नाही."

कागद अजून कपाटात आहे, वर्तमानपत्राखाली. सहीची जागा कोरी. धाकटी विचारते, मी विषय बदलते. पीठ आता साध्या पाकिटात देते, वर काही नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईकडे पाकीट घेऊन गेले. तिने उलटसुलट करून पाहिलं. "मावशी, राग मानू नका हां, पण यावर पळी नाही. हल्ली डुप्लिकेट फार निघालंय. ओरिजिनलवर पळी असते, कडेला जरा तुटलेली. तुम्हीपण घेताना तेवढं बघून घेत जा."

"हो," मी म्हटलं, आणि पाकीट परत घेऊन खाली आले.

संध्याकाळी ह्यांना भातावर कुळथाची पिठी हवी होती. केली. आईच्या पळीने वाढली. खाचेच्या बाजूने नेहमीच थोडं सांडतं, तसं ताटाबाहेर सांडलं. ह्यांनी ते बोटाने पुसलं आणि म्हणाले, "फेकून दे ना आता ती. स्टीलची घे एखादी."