समुद्राने नेलेले रोडगे

अरबी समुद्राशी माझं बोलणं बंद आहे. चूक त्याची आहे, त्यामुळे पुढाकार मी घेणार नाही.

झालं असं. आमची मुलगी कोकणात दिली. तिचे सासरे, म्हणजे माझे इवाई, आम्हा नवराबायकोला समुद्राकाठच्या खाणावळीत जेवायला घेऊन गेले. निवांत गाव. दुपारी तिथे दुकानंसुद्धा झोपतात. इवाई भला माणूस, आग्रहाने वाढायला लावत होते. मी आमटीचा भुरका मारला आणि थांबलो. आमटीत गूळ!

"इवाईबुवा," मी म्हणालो, "हे जेवन हाय का परसाद? उद्या मी तुमाले जेवू घालतो. रोडगे आन् वांग्याची भाजी. तुमी ते खाल्ल्याबिगर मी तुमच्या गावात घास घेनार नाई."

इवाईंचा चेहरा उतरला. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. वऱ्हाडातला माणूस शब्द मागे घेत नाही (हिच्या मते अक्कल मात्र गहाण ठेवतो). मी ताटावरून उठलो. रात्रही उपाशी काढली.

सामानाची काळजी नव्हती. अकोटहून निघतानाच मी गोवऱ्यांचं पोतं बांधून घेतलं होतं. रोडगे, म्हणजे आमचे कणकेचे जाड गोळे, भाजावेत ते गोवऱ्यांच्या विस्तवात, आणि परमुलखात चांगली गोवरी मिळेल याचा काय भरवसा? रेल्वेत शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं होतं, पोत्यात काय आहे. मुलीच्या सासरचा आहेर, असं मी सांगितलं.

सकाळी किनाऱ्यावर जागा मीच निवडली. सपाट, मोकळी, हात धुवायला पाणी जवळ. इवाई म्हणाले, "जरा वर घ्या हो, सुरूच्या झाडांकडे. भरती येईल." मी हसलो. आमच्याकडे नदी जिथे असते तिथेच असते. उन्हाळ्यात तर तीही नसते. पाणी उठून माणसाच्या चुलीपर्यंत चालत येतं, हे मी का मानावं?

गोवऱ्या फुलल्या, रोडगे विस्तवात पुरले, शेजारी भाजी रटरटू लागली. पहिली लाट पायाला लागली तेव्हा मी तिला दटावलं. दुसरी चुलीशी आली.

"अवो, उचला ना ते!" बायको ओरडली.

"काहून उचलू? आपन आदी आलो इथं." असं म्हणून मी हात पसरून समुद्राला आडवा झालो. तिसरी लाट माझ्या डोक्यावरून गेली.

उठून पाहतो तर विस्तव गेला, पोतं गेलं, भाजीचं पातेलं डुलत डुलत निघालेलं. बायको पोट धरून हसत होती. मला मात्र रडू येत होतं. शब्द बुडाला होता, आणि पोटात काल दुपारपासून कण नव्हता.

इवाईंनी पँट वर केली, पाण्यात शिरले आणि वाळूत चाचपून एक रोडगा काढला. वरून करपलेला, आतून कच्चा, शिवाय खारट. त्यांनी तो माझ्यासमोर चावून चावून गिळला.

"खाल्ला," ते म्हणाले. "तुमचा शब्द राहिला. आता जेवायला चला."

खाणावळीत मी ओल्या कपड्यांनीच बसलो. आमटी तीच. पहिली वाटी कधी संपली ते कळलंच नाही. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, आणखी देऊ का? इवाई आणि बायको दोघंही माझ्याकडे बघत होते. मी ताठ मानेने वाटी पुढे केली.

"वाढा. गूळ चूकच हाय, पन वाढा."