कारलं सोडून पुण्य लागत नाही

चातुर्मासात आमच्या घरी प्रत्येकजण काहीतरी सोडतो. सासूबाई वांगी सोडतात. नवरा चहा सोडतो आणि आठवड्याभरात परत धरतो. गेल्या वर्षी मी गोळी सोडली. नैराश्याचा आजार मला लग्नाआधीपासूनचा, रोजच्या एका गोळीवर माझं बरं चाललेलं असतं. पण पाचवा महिना लागला होता, आणि गोळीने बाळाला अपाय होईल ही धास्ती मनात घर करून बसली होती. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही. देवीपुढे हात जोडून म्हटलं, हा माझा नेम, आता बाळाला तूच सांभाळ.

हळूहळू झोप गेली, अन्नावरची वासना गेली. बाळ पोटात हलायचं आणि मला काहीच वाटायचं नाही. पुढे पुढे तर मी नसले तरच सगळ्यांचं भलं होईल असं वाटू लागलं, आणि त्या विचाराची भीतीही वाटेनाशी झाली. तरी नेम मोडवेना. देवी ऐकत नाही म्हणजे माझीच श्रद्धा कमी, असं समजून मी पोथीचा एक अध्याय वाढवला.

एका शुक्रवारी बिबवेवाडीतल्या आमच्या देवीच्या देवळात जाऊन बसले. शेजारी एक अनोळखी बाई वाती वळत होत्या. त्यांनी माझ्या हातात कापूस दिला. "रिकाम्या बसू नका, वळा." मग सहज विचारलं, "यंदा काय सोडलंय?" नवऱ्यालाही न सांगितलेलं मी त्यांना सांगून टाकलं.

त्यांनी वातीवरची नजर काढली नाही. "अहो, देवाला आवडीचं सोडतात. कारलं सोडून कुणाला पुण्य लागलंय? औषध काय तुमच्या आवडीचं होतं?"

कित्येक दिवसांनी मला हसू आलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "आधी घरी फोन करा. आणि डॉक्टरकडे जा. देवी रागवायची नाही."

मी देवळातूनच नवऱ्याला फोन केला. तो तसाच ऑफिसमधून आला आणि मला माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण आजार अंगावर काढण्यात तुम्हाला आणि बाळाला त्याहून मोठा धोका आहे. अशी गोळी मनाने एकदम बंद करायची नसते." स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून त्यांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली. ही गोळी दुधात फार थोडी उतरते, बाळावर लक्ष ठेवून अंगावर पाजता येईल, हेही समजावलं. जन्मल्यावर मुलगी थोडी किरकिरी होती. डॉक्टरांनी दोन दिवस नजरेखाली ठेवली, मग शांत झाली.

त्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत. देवीच आली होती असं मी म्हणत नाही; वाती वळायला देवळात बायका येतातच. पण तो प्रश्न त्या दिवशी माझ्यापर्यंत पोचला, ही कृपा मी तिचीच मानते. शरण जायचं म्हणजे सगळं तिच्यावर टाकून डोळे मिटायचे, असं मला वाटायचं. आता वाटतं, तिने पुढे केलेला हात आपण धरायचा असतो, मग तो डॉक्टरचा का असेना.

मुलीला पाजायला घेतलं की ती मधेच थांबते, मान वळवून माझ्याकडे बघते, मी आहे ना याची खात्री करते आणि पुन्हा प्यायला लागते. मी असते.