आत्याबाईंचा चिमटा

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, गोड बोलता येत होतं. पण ते सगळं खंड्यासाठी राखून ठेवलेलं. खंड्या म्हणजे कुत्रा. लग्न होऊन जळकोटला आले तेव्हा मला वाटायचं, कधीतरी एखादा गोड शब्द माझ्याही वाट्याला येईल. बसले वाट बघत!

पावसाळ्यात खंड्या शिवारातून आला की अंगावर गोचिडी. आत्याबाई त्याचं डोकं मांडीवर घ्यायच्या, कानाच्या घड्या, बोटांच्या बेचक्या उलगडून बघायच्या. कमरेच्या पिशवीत काटे काढायचा चिमटा असायचा. त्यानं गोचीड अगदी कातडीलगत धरायच्या, पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. सरळ, सावकाश ओढायच्या. काढलेली गोचीड रॉकेलच्या करवंटीत. कानामागं चोळत म्हणायच्या, "गप बस माझ्या सोन्या, झालंच बघ."

शेजारचे अण्णा एकदा म्हणाले, "बिडीचा चटका द्या की, आपूआप सुटंल." आत्याबाई उसळल्या, "तुमच्या कानाला लावू का बिडी? घाई केली की तिचं त्वांड आत ऱ्हातंय, मग पिकतंय!" अण्णा बिडी विझवूनच गेले.

आणि माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा? तोच चिमटा माझ्यापुढं फेकला. "तुला हात न्हाईत व्हय?" मी रडत रडत काटा काढला. खंड्या शेजारी बसून माझा पाय चाटत होता. त्याचा मला कधी राग आला नाही.

मग त्यांच्या लेकानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, शेतात किडीवर मारायची नवी पावडर आणली. "आई, चिमूटभर टाकली की सगळ्या गोचिडी गार!" आत्याबाई ओरडल्या, "कुत्रं अंग चाटतंय, येड्या! हात लावशील तर बघ." पुनवेला त्या तुळजापूरला गेल्या आणि ह्यांनी डाव साधला. मी म्हणाले, "आत्याबाईंना येऊ द्या." माझं कोण ऐकतंय! खंड्यानं अंग चाटलं, तोंडाला फेस आला, पाय झाडत झाडत अंगणातच गेला बिचारा.

आत्याबाई परतल्या. पावडरीनं पांढरं झालेलं त्याचं अंग पाहिलं आणि लेकाकडं बघितलं. हे खाली मान घालून उभे. आत्याबाईंनी नजर माझ्याकडं वळवली. "पांढऱ्या पायाची! खाल्लंस न्हवं माझ्या खंड्याला?" त्यांना सगळं कळलं होतं. पण लेकाला कसं बोलणार? गावात मात्र बोभाटा झाला तो झालाच, सुनेनं कुत्रं मारलं. आणि ह्यांनी जन्मात तोंड उघडलं नाही. आत्याबाईंना एक वेळ मी माफ करीन, ह्यांना नाही.

पुढं आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. नजर गेली, माणसं ओळखू येईनात. केसांच्या जटा झाल्या होत्या. एका सकाळी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी एकेक गुंता मुळाशी धरून, हिसका न देता, सोडवत बसले. ती रीत त्यांचीच, बघून बघून हातात बसलेली. त्यांचा हात चाचपडत वर आला. माझा कान सापडला. कानामागं हळूहळू चोळत म्हणाल्या, "गप बस माझ्या सोन्या, झालंच बघ."

'आत्याबाई, मी आहे,' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी हात काढून घेतला असता. मी गप बसले.